काफ जबर क, क ला काना का
(महाड-पोलादपूरच्या घरांतील अक्षरशिक्षणाचा एक मागोवा)

मराठीत आरंभाला तीन शब्द आहेत : श्रीगणेशा, ओनामा आणि बिस्मिल्ला. 'कामाचा बिस्मिल्ला केला' असे महाडच्या पेठेतला वाणीही म्हणतो आणि त्यात आपण परका शब्द वापरला असे त्याला वाटत नाही. हे तिन्ही शब्द मुलाच्या पहिल्या धड्यातून आलेले आहेत. पाटीच्या माथ्यावर 'श्रीगणेशाय नमः' लिहीत, म्हणून श्रीगणेशा. जुन्या शाळांत मुळाक्षरांपूर्वी 'ॐ नमः सिद्धम्' म्हणवून घेत, त्याचा मुलांच्या तोंडी ओनामासीधं झाला. आणि आमच्या घरांत मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याला न्हाऊमाखू घालून, नवे कपडे चढवून, कायद्यासमोर बसवीत. ती बिस्मिल्लाखानी. अक्षराचा पहिला दिवस भाषेने तीन घरांतून उचलला आणि तिघांचाही मान ठेवला. त्या तिसऱ्या घराचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिलेला नाही. तो लिहिण्याचा हा आमचा अल्प प्रयत्न.

पडवीतले दोन आवाज

आमचे बालपण महाडला आणि सुट्ट्या पोलादपूरकडच्या आजोळी गेल्या. दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी होती. असरच्या नमाजनंतर पडवीत चटई पडे, लाकडी रेहाल उघडली जाई आणि दादी डोक्यावर पदर सारखा करून बसे. दादीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण वाडीतली निम्मी पोरे तिच्याकडे कायदा शिकली. हातात काडी घेऊन ती अक्षराखाली टेकवी आणि आम्ही सुरात म्हणत असू : काफ जबर क, ते जबर त, कत, बे जबर ब, कतब.

त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला मराठी शाळेत जाणारी मोठी बहीण पाटी घेऊन बसलेली असे. तिचा सूर वेगळा : क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की.

दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत. कधी आमचा जबर तिच्या कान्याला लागे, तिची वेलांटी आमच्या जेरला. दादी हसे आणि म्हणे, "दोघांचाही सबक एकच आहे, पोरांनो, पाटी तेवढी वेगळी." तेव्हा ती थट्टा वाटली. पुढे शिक्षकी पेशात बरीच वर्षे काढल्यावर ध्यानात आले की दादी अगदी खरे बोलत होती.

हिज्जे म्हणजे काय

जुन्या पिढीला बगदादी कायदा ठाऊक आहे. पातळ, पिवळट कागदाची ती पुस्तिका हिंदुस्थानभर आणि पूर्वेकडच्या बेटांपर्यंत मुलांच्या हातात होती. तिच्यानंतर लुधियान्याच्या मौलवी नूर मुहंमद यांचा नूरानी कायदा आला आणि आज बहुतेक मकतबांत तोच दिसतो. दोहोंची चाल साधारण एकच. आधी सुटी अक्षरे, मग जोडलेली अक्षरे, मग जबर, जेर, पेश, मग दोन जबर, दोन जेर, दोन पेश, मग जज्म आणि तश्दीद.

यात शिकवण्याची किल्ली आहे ती हिज्जे करण्यात. अरबी अक्षराला नाव असते; ते नाव म्हणजे अक्षराचा आवाज नव्हे. 'जीम' हे नाव, 'ज' हा आवाज. इंग्रजीतही तसेच : नाव 'एच', आवाज 'ह'. मुलाने नावावरून आवाजापर्यंत कसे जायचे? हिज्जे हा त्यासाठी बांधलेला पूल आहे. आधी अक्षराचे नाव घ्यायचे, मग खुणेचे, मग दोहोंतून निघणारा आवाज, आणि शेवटी मागच्या आवाजाला पुढचा जोडायचा. मूल शब्द पाठ करीत नाही, दर वेळी तो नव्याने घडवते. हिज्जे पक्के झाले की नावे गळून पडतात आणि मूल सरळ 'कतब' वाचते. याला आमच्याकडे रवाँ वाचणे म्हणतात. नूरानीच्या नव्या चालीत बरेच उस्ताद हिज्ज्यांवर थोडाच वेळ घालवतात आणि लवकर रवाँकडे नेतात. कोणते बरे, यावर आमच्या लहानपणी मशिदीच्या ओट्यावर वाद झडत.

हा वाद फक्त आमचा नव्हता. युरोपात मुले शतकानुशतके अक्षरांची नावे घोकून शब्द म्हणत. १५२७ साली जर्मनीत व्हॅलेंटीन इकेलझामर नावाच्या शिक्षकाने पुस्तक लिहून सांगितले, की नावे बाजूला ठेवा आणि मुलाला आवाज ऐकू द्या. अमेरिकेत मुलांना अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला लावण्याची रीत रुजली, तेव्हा १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी 'जॉनीला वाचता का येत नाही' अशा अर्थाचे पुस्तक लिहून तिच्यावर कोरडे ओढले. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने आणि २००६ साली इंग्लंडात जिम रोझ यांच्या अहवालाने कौल दिला, की आवाज आणि अक्षर यांचे नाते पद्धतशीर शिकवावे. त्याच शिकवण्याला आज आपल्या शहरांत फोनिक्स म्हणतात आणि त्याची फी भरतात.

खुणा कोणासाठी झाल्या

जबर-जेर अरबीत आरंभापासून नव्हते. अरब माणसाला भाषा येत असल्याने नुसत्या व्यंजनांवरून तो वाचू शके. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला आणि ज्यांची मायबोली अरबी नव्हती ते वाचू लागले, तेव्हा चुका होऊ लागल्या. बसऱ्याचे अबुल अस्वद अद्दुअली (मृत्यू इ.स. ६८८च्या सुमारास) यांनी रंगीत ठिपक्यांची युक्ती काढली असे परंपरा सांगते : वर ठिपका दिला तर 'अ', खाली दिला तर 'इ', बाजूला दिला तर 'उ'. पुढच्या शतकात त्याच बसऱ्यात खलील इब्न अहमद यांनी ठिपक्यांच्या जागी आजच्या खुणा आणल्या. पेश म्हणजे चिमुकला वाव, जबर म्हणजे आडवा झालेला अलिफ.

म्हणजे या खुणा मुळात अजमी माणसासाठी आहेत, सावित्रीच्या काठी मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी. आमची दादी पडवीत जे शिकवीत होती, त्याची गरज बाराशे वर्षांपूर्वी बसऱ्यात ओळखली गेली होती.

खलील यांची आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी अरबीचा पहिला मोठा कोश रचला, त्यात अक्षरे अलिफ-बेच्या क्रमाने लावली नाहीत. कंठाच्या तळापासून निघणाऱ्या 'ऐन'पासून सुरुवात करून ते ओठांच्या अक्षरांकडे आले. त्या कोशाचे नावच 'किताबुल ऐन'. आता आपली वर्णमाला आठवा. क वर्ग कंठाचा, च वर्ग टाळूचा, ट वर्ग मूर्धेचा, त वर्ग दातांचा, प वर्ग ओठांचा. दोन्हीकडे वाट एकच, घशातून ओठांकडे. उस्ताद ज्याला मखरज म्हणतात, त्यालाच आपले व्याकरणकार उच्चारस्थान म्हणतात.

धूळपाटी आणि गांधारपाले

महाडपासून हाकेच्या अंतरावर, मुंबई-गोवा रस्त्याला लागून, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. ब्राह्मीतला 'क' हा अधिकचिन्हासारखा दिसतो आणि त्याला वर, खाली, बाजूला लहान रेघ देऊन का, कि, कु होतात. व्यंजन मध्ये आणि स्वराची खूण भोवती, हीच ती बाराखडीची मांडणी. सातव्या शतकात हिंदुस्थानात आलेला चिनी प्रवासी ह्युएन-त्सांग मुलांच्या पहिल्या पाठाला 'बारा प्रकरणे' म्हणतो. त्याच शतकाच्या उत्तरार्धातला इ-त्सिंग लिहितो, की मुले सहाव्या वर्षी 'सिद्धम्'चा पाठ घेतात आणि सहा महिन्यांत पुरा करतात. आमच्या ओनामासीधंची मुळे तिथवर जातात.

पंतोजींच्या शाळांत लाकडी फळीवर विटेची भुकटी पसरून धूळपाटी करीत आणि मूल तीवर बोटाने वा काडीने अक्षर काढी. काढताना तोंडाने म्हणे. डोळा, कान, तोंड आणि बोट ही चारही एका वेळी कामाला लागत. या रीतीने एका पाद्र्याला इतके भुरळ घातले की त्याने ती विलायतेला नेली. अँड्र्यू बेल मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख होता. तिथल्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली, आपल्या अनाथालयात तोच प्रयोग केला आणि मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे अशी व्यवस्था बसवली. १७९७ साली लंडनला त्याचे पुस्तक निघाले आणि ती रीत 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडात पसरली. आमच्या घरांत मोठी बहीण धाकट्याचा सबक घेत असे तेही हेच होते. त्याला पद्धत म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हते, एवढेच.

विसाव्या शतकात माँटेसरी बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने फिरवायला दिली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला गेले. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी गोटे, पाने, शिंपले वापरले. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या कमला निंबकर बालभवनाने मुळाक्षरांचा क्रम मोडून थोडी थोडी अक्षरे घेतली आणि पहिल्याच गटातून अर्थाचे शब्द वाचायला दिले. विलायतेतल्या जॉली फोनिक्सचीही हीच युक्ती आहे. तिथे 'ए, बी, सी' असा क्रम नसून आधी स, अ, ट, इ, प, न हे सहा आवाज येतात, कारण तेवढ्यातून कितीतरी शब्द जुळतात.

'ळ' कुठे गेला?

येथवर आम्ही साम्ये सांगितली. आता अडचण सांगतो, कारण आमच्या मुलाची अडचण शेजारच्या मुलाहून वेगळी आहे.

महाड-पोलादपूरचा कोकणी मुसलमान घरात मराठीच बोलतो. त्याच्या बोलीत केळ, डोळा, नळा, पाणी, लोणी आहे. सहाव्या वर्षी तो उर्दू शाळेत जातो आणि उर्दू लिपीत 'ळ'ला अक्षरच नाही. 'ण'साठीही वेगळे अक्षर नाही. रोज तोंडी येणारे दोन आवाज पाटीवर उतरत नाहीत. उलट पाटीवर सीन, स्वाद, से ही तीन अक्षरे आहेत आणि उर्दूत तिन्हींचा आवाज एकच 'स'. जाल, जे, ज्वाद, जोय या चारांचाही एकच. मुलाने आवाजावरून लिहावे तर अक्षर कोणते घ्यायचे? त्यात कायद्याची अक्षरे उर्दूसारखी दिसतात, पण तिथे उस्ताद 'ज्वाद' जिभेच्या कडेवरून काढायला लावतात. शिवाय दुसरी-तिसरीत गेल्यावर उर्दू पुस्तकातून जबर-जेर नाहीसे होतात. कायद्यात खुणा पाहून वाचायला शिकलेले मूल खुणा नसलेल्या ओळीसमोर थबकते. शिवाय मराठी आणि इंग्रजी. चार लिप्या, चार हिशेब, आणि त्यांची सांगड घालून देणारे कोणीच नाही. मौलवीसाहेब शाळेत जात नाहीत, गुरुजी मकतबात येत नाहीत. ही सांगड घरातच घातली जाई, आणि ती घालणारी बहुधा बाई असे.

मोजणीत न आलेल्या

त्या बाईचे सरकारी कागदावर काय झाले? आमच्या दादीने आयुष्यात कित्येकदा कुरआन शरीफ खतम केले. उर्दूतले नूरनामे ती अडखळत का होईना वाची. पण रेशनकार्डावर तिचा अंगठा होता. खानेसुमारीत ती निरक्षर.

हा खानेसुमारीवाल्याचा खोडसाळपणा नव्हता, तो व्याख्येचा परिणाम होता. १९११च्या खानेसुमारीत साक्षर कोण, तर जो मित्राला पत्र लिहू शकतो आणि आलेले उत्तर वाचू शकतो तो. स्वातंत्र्यानंतरची व्याख्या समजून वाचणे आणि लिहिणे अशी आहे. दादी वाची, पण अरबी समजत नसे, आणि लिहायला तिला कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून आकडा शून्य. गल्फला गेलेल्या मुलाचे पत्र आले की ती ते शेजारच्या मुलाकडून वाचून घेई आणि त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या धाकट्या भावाला कायदा शिकवी.

आम्हाला इथे स्वतःच्या समाजाला दोष द्यावा लागतो. मुलींच्या हाती कायदा दिला, लेखणी दिली नाही. 'पोरीने लिहायला शिकले तर चिठ्ठ्या लिहील' हे वाक्य आमच्या लहानपणी अनेक घरांत थट्टेने म्हटले जाई, पण अमलात गंभीरपणे येई. मकतबातली छडीही विसरता येत नाही. आणि हेही खरे की बरीच मुले हिज्जे करीत नसत, ऐकून पाठ म्हणत. काडी एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. अर्थाकडे न नेणाऱ्या वाचनाचा सवाब अल्लाकडे आहेच. दुनियेचे दार मात्र त्याने अर्धेच उघडते.

हेच महाड गाव अशा अर्ध्या उघडलेल्या दारांचा हिशेब मागणारे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर दंगल झाली तेव्हा मार खाणाऱ्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्यांनी दुसऱ्याच्या हक्कासाठी जागा दिली, त्यांनीच घरातल्या मुलीला लेखणीची जागा का दिली नाही, हा प्रश्न आम्ही आमच्याच वडीलधाऱ्यांना विचारायला हवा होता. तो विचारायचा राहिला.

फोनिक्स आणि आपण

काही वर्षांपूर्वी आमच्या पुतणीने तिच्या मुलाला एका इंग्रजी शाळेत घातले. तिथल्या बाईंनी तिला सांगितले, "घरी ते अलिफ-बे आणि बाराखडी तूर्त बंद ठेवा, मूल गोंधळते." पुतणीने ऐकले. मुलगा सुंदर इंग्रजी आवाज काढू लागला. पाचव्या वर्षी तो आमच्याकडे आला तेव्हा पंचांगावरचे कमळाचे चित्र दाखवून आम्ही विचारले, हे काय? तो म्हणाला, "कमल." घरातला 'ळ'ही त्याच्या जिभेवरून उतरला होता.

आमचा फोनिक्सला विरोध नाही. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. तिथे त्याची गरज आहेच. आमचे म्हणणे इतकेच की आवाज सुटा करावा आणि पुन्हा जोडावा, हे ज्ञान मुलाला एकदा झाले की ते सगळ्या लिप्यांत कामी येते. ते मायबोलीत झाले तर सोपे जाते, कारण तिथे आवाज ओळखीचा असतो. देवनागरीसारखी लिपी त्यासाठी मिळणे हे तर भाग्यच. अक्षराचे नाव तोच त्याचा आवाज. २००९च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ धरून बाराखडीची चौदाखडी झाली, त्यामुळे इंग्रजीतली 'बॅट' आणि 'बॉल'ही तीत बसतात.

असरचा अहवाल दरवेळी सांगतो की देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो. २०१८ साली २७.३ टक्क्यांना, करोनानंतर २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांना, २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांना. चारांतले जेमतेम एक. शाळा नाहीत असे आता नाही. पडवीतली चटई मात्र उचलली गेली आहे.

त्या मुलाबरोबर आम्ही सुट्टीचे तीन आठवडे बसलो. ताटात तांदळाचे पीठ पसरले आणि त्यात बोटाने क, म, ळ, न, ल एवढीच अक्षरे काढली. कमळ, नळ, मळ, कल, नल. 'नल' आणि 'नळ' यांत काय फरक, असे त्याने स्वतः विचारले तेव्हा आम्ही त्याला अंगणातल्या नळाखाली नेऊन हात धुवायला लावले. तिसऱ्या आठवड्यात कायदा उघडला. काफ जबर क. तो म्हणाला, "हे तर पिठातलं क आहे!"

दादीचा कायदा त्याला दाखवता आला नाही. २२ जुलै २०२१च्या रात्री सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या घरांत शिरले तेव्हा खालच्या कपाटातले सगळे गेले. २००५च्या पुरात तो कसाबसा वाचला होता, या खेपेस लगदा झाला. आम्ही तो रिवाजाप्रमाणे अदबीने दफन केला. अशी कितीतरी घरे असतील. म्हणून वाचकांना विनंती, की आपल्या घरात जुना कायदा, उर्दूची पहिली, मोडीची पाटी वा सबकाची वही असेल तर ती माळ्यावर, पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा. आणि ज्या बायकांनी तुम्हाला वाचायला शिकवले त्यांची नावे, त्यांची शिकवण्याची रीत, त्यांच्या तोंडचे हिज्जे लिहून काढा. खानेसुमारीने त्यांना मोजले नाही. आपण तरी मोजू या.